कामाच्या आखणीचे शास्त्र

इंजिनियरिंग कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या तरुणाला काय येते, असे कोणी विचारले, तर आपण चटकन सांगतो की त्याला पूल बांधता येतो, यंत्र चालविता येते, विजेची जोडणी करता येते. हे उत्तर खोटे नाही. पण अर्धे आहे. त्याच तरुणाला, ‘हा पूल कोणत्या महिन्यात पुरा होईल, आणि त्या महिन्यात झाला नाही तर नेमके कशामुळे होणार नाही?’ असा दुसरा प्रश्न विचारून पाहावा. पुष्कळदा तो गप्प राहतो. तुळई किती वजन पेलते हे त्याने चार वर्षे शिकलेले असते. काम किती उशीर पेलते, हे मात्र त्याने फारसे शिकलेले नसते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या शास्त्राला ‘प्रकल्प व्यवस्थापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. आम्ही त्याला साध्या भाषेत ‘कामाची आखणी’ म्हणणार आहोत. विषय विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातला असला, तरी त्याचे बरेवाईट फळ कॉलेजच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या आपणां सर्वांना भोगावे लागते. म्हणूनच तो अशा सार्वजनिक व्याख्यानमालेत मांडावा असे आम्हांस वाटले.

हा विचार विश्रामबागेत मांडण्यास एक विशेष औचित्य आहे. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या वस्तीत १९१९ साली विलिंग्डन कॉलेज निघाले आणि १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. १९५५ साली त्याला शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. वालचंदांचे नाव घेतले की आपल्याला आगबोटी आणि विमाने आठवतात. परंतु त्यांची उमेदवारी झाली ती कंत्राटदारीत. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील एका माजी कारकुनाबरोबर भागी करून त्यांनी रेल्वेची बांधकामे घेतली. पुढे भोर घाटातील बोगद्यांसारखी अवघड कामे अंगावर घेतली. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली. त्यांच्या पश्चात याच कंपनीने कोयनेचे धरण बांधले. कंत्राटदाराला दगड, चुना आणि लोखंड यांच्याइतकाच चौथा एक माल सांभाळावा लागतो, तो म्हणजे दिवस. दिवस फुकट गेला की मजुरी चढते, व्याज चढते आणि पावसाळा जवळ येतो. ज्यांचे नाव या कॉलेजाला आहे, त्यांचा पहिला धंदा दिवसांचा हिशेब ठेवण्याचा होता, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी आणि नागरिकांनीही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडे इंजिनियरिंगचे शिक्षण सुरू झाले तेच मुळी कामावर देखरेख करणारी माणसे हवीत म्हणून. पुण्याचे इंजिनियरिंग कॉलेज १८५४ साली निघाले, ते सरकारी बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करणारा वर्ग म्हणून. मोजणी, अंदाजपत्रक, मापांची नोंद, मजुरांचा हजेरीपट हे त्या काळच्या ओव्हरसियरचे रोजचे काम होते. पुढे पदवी आली, गणित वाढले, पदार्थविज्ञान वाढले, आणि ते वाढावयासच हवे होते. नाहीतर मोठी धरणे उभी राहिली नसती. पण या वाढीत एक गोष्ट नकळत घडली. काम कसे ‘उभे राहते’ हा विषय शास्त्राचा ठरला आणि काम कसे ‘पार पडते’ हा विषय कचेरीचा, मुकादमाचा, अनुभवाने शिकण्याचा ठरला. त्याचेही शास्त्र आहे, हे जगाच्या ध्यानात यावयास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

प्रथम प्रकल्प कशाला म्हणावयाचे ते पाहू. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० साली निघाला. तिथे लोखंडी नांगर तयार होत. पहिल्या दहा नांगरांत काही खोट राहिली, तर ती अकराव्यात काढता येते. कारखान्याचे काम रोज तेच असते आणि रोज थोडे सुधारत जाते. पुलाचे तसे नाही. त्या ओढ्यावर, त्या जमिनीत, तो पूल एकदाच बांधावयाचा असतो. ज्या कामाला ठरलेला आरंभ आहे, ठरलेला शेवट आहे, आणि जे जसेच्या तसे पुन्हा करावयाचे नाही, ते काम म्हणजे प्रकल्प. धरण हा प्रकल्प आहे, नवे इस्पितळ हा प्रकल्प आहे आणि घरचे लग्न हाही प्रकल्पच आहे. लग्नघरातील जाणती बाई आचारी, मांडव, मुहूर्त आणि पाहुणे यांची जी सांगड घालते, तीत या शास्त्राची मूळ कल्पना पुरतेपणी आलेली असते. ती कल्पना अशी, की काही कामे एकाच वेळी चालू शकतात, काही कामे मात्र दुसरे काम संपल्याखेरीज सुरूच होऊ शकत नाहीत.

एक लहानसे उदाहरण घेऊन हिशेबच करून पाहू. एखाद्या गावाबाहेरच्या ओढ्यावर काँक्रीटची लहानशी मोरी बांधावयाची आहे, असे समजा. आखणी आणि मोजणीला ६ दिवस. मग पाया खोदण्यास ८ दिवस. पायाचे काँक्रीट आणि बाजूच्या भिंती यांना ११ दिवस. भिंती झाल्यावर सेंट्रिंगला ६ दिवस. दुसरीकडे, आखणी होताच लोखंडाची मागणी नोंदवावयाची. ते येण्यास १४ दिवस आणि सळया कापून वाकविण्यास ५ दिवस. सेंट्रिंग आणि सळया दोन्ही तयार झाल्या की सळया बांधून स्लॅब ओतण्यास ४ दिवस. स्लॅबवर पाणी मारून तो पक्का होऊ देण्यास २८ दिवस. भिंती झाल्यावर दोन्ही बाजूंच्या रस्त्याचा भराव घालण्यास १० दिवस लागतात. ते काम स्लॅबची वाट पाहत नाही. शेवटी स्लॅब पक्का झाल्यावर आणि भराव झाल्यावर वरचा रस्ता करण्यास ४ दिवस.

आता ही मोरी किती दिवसांत होईल? सगळे आकडे सरळ मिळविले तर ९६ दिवस येतात. पण हे उत्तर बरोबर नाही, कारण काही कामे एकदम चालतात. म्हणून वाटा पाहावयाच्या. पहिली वाट आखणी, पाया, भिंती, सेंट्रिंग, स्लॅब, पक्का होणे आणि रस्ता अशी जाते: ६, ८, ११, ६, ४, २८ आणि ४ मिळून ६७ दिवस. दुसरी वाट लोखंडाची: ६, १४, ५, ४, २८ आणि ४ मिळून ६१ दिवस. तिसरी वाट भरावाची: ६, ८, ११, १० आणि ४ मिळून ३९ दिवस. काम अर्थातच सर्वांत लांब वाटेइतके लांबते, म्हणजे ६७ दिवस. या सर्वांत लांब वाटेला ‘निर्णायक मार्ग’ म्हणतात. तिच्यावरचे कोणतेही काम एक दिवस लांबले की मोरी एक दिवस लांबते. लोखंडाच्या वाटेला मात्र ६ दिवसांची सवड आहे आणि भरावाला तर २८ दिवसांची.

एवढ्या लहान हिशेबातून तीन गोष्टी निघतात. पहिली अशी, की सगळी कामे सारखी तातडीची नसतात. भरावावर दुप्पट गाड्या लावून ५ दिवस वाचविले, तरी मोरी एक तासही लवकर होत नाही. पैसे मात्र जातात. सेंट्रिंगला आणखी दोन मिस्त्री लावून २ दिवस वाचविले, तर मोरी खरोखरच ६५ दिवसांत होते. दुसरी गोष्ट अशी, की काही कामांना घाई करताच येत नाही. काँक्रीटपुढे शंभर मजूर उभे केले, तरी ते आपल्या गतीनेच पक्के होते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. निर्णायक मार्ग कायमचा नसतो. लोखंड ५ दिवस उशिरा आले तर काहीच बिघडत नाही. १० दिवस उशिरा आले, की लोखंडाची वाट ७१ दिवसांची होते, तीच निर्णायक ठरते आणि मोरी ४ दिवस लांबते. म्हणजे आखणी भिंतीवर टांगून चालत नाही. दर आठवड्याला ती पुन्हा मांडावी लागते.

आता हे ६७ दिवस पंचांगावर बसवून पाहा. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. ६ जूनच्या सायंकाळी मोरी पुरी हवी असेल, आणि मधे एकही सुट्टी धरली नाही, तर काम १ एप्रिलला सकाळी सुरू झाले पाहिजे. १ एप्रिल म्हणजे सरकारी आर्थिक वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी नव्या वर्षाची रक्कम हाती पडून गवंडी कामावर उभा राहिल्याचे कोणी पाहिले असेल, असे आम्हांस वाटत नाही. मंजुरी, टेंडर आणि करार यांत महिना गेला, तर स्लॅब ओतण्याच्या वेळी पावसाळा दाराशी असतो. अशा वेळी एक तर काम दिवाळीपर्यंत थांबते, नाहीतर काँक्रीटचे २८ दिवस कोणीतरी चोरते. पहिल्यात गावाची गैरसोय होते; दुसऱ्यात मोरीचे आयुष्य कमी होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे मंजुरी, टेंडर आणि करार हीसुद्धा ‘कामे’ आहेत असे मानून त्यांचे दिवस हिवाळ्यातच मोजावयाचे. आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्या पुलाजवळचे पाणी किती फुटांवर आहे हे पावसाळ्यात सांगलीच्या पोराटोरांना तोंडपाठ असते. नदीकाठच्या माणसाला तरी हे सांगावयास नको, की कृष्णा कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही.

या पद्धतीचा इतिहास थोडक्यात असा. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनियराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कामांचे आडवे पट्टे काढून तक्ता करण्याची रीत रूढ केली. कोणते काम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते त्यात एका नजरेत दिसते. पण कोणते काम कोणावर अवलंबून आहे, हे त्या पट्ट्यांत नीट दिसत नसे. ती उणीव १९५७ च्या सुमारास ड्यू पाँट या रसायनांच्या कंपनीने कारखान्यांची बांधकामे आणि दुरुस्त्या आखताना भरून काढली. निर्णायक मार्गाची रीत तिथली. १९५८ साली अमेरिकन आरमाराने पाणबुडीतून सोडावयाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी अशीच दुसरी रीत बसविली. तिथे अडचण वेगळी होती. पूर्वी कोणी न केलेल्या कामाला किती दिवस लागतील हे सांगणार कोण? म्हणून त्यांनी प्रत्येक कामाचे तीन अंदाज घेतले: सगळे सुरळीत झाले तर किती, बहुधा किती, आणि सगळे बिनसले तर किती. मधल्या अंदाजाला चौपट वजन द्यावयाचे, तिन्हींची बेरीज करून सहाने भागावयाचे. शेजारच्या शेतकऱ्याची संमती मिळण्यास सुरळीत गेल्यास १०, बहुधा १६ आणि बिनसल्यास ४० दिवस लागतील असे धरले, तर १०, ६४ आणि ४० मिळून ११४, भागिले ६, म्हणजे १९ दिवस. ‘बहुधा १६’ म्हणणारा माणूस तीन दिवसांनी चुकतो, कारण कामे लवकर होण्याला मर्यादा असते. उशिरा होण्याला नसते.

परदेशातील उदाहरणे दूरची वाटत असतील, तर आपल्या कोकणात चलावे. कोकण रेल्वेचे महामंडळ १९९० साली स्थापन झाले, ई. श्रीधरन हे तिचे प्रमुख होते. रोह्यापासून कर्नाटकातील ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे आणि शेकडो पूल. सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळचा करबुड्याचा, सुमारे साडेसहा किलोमीटरांचा. सामान्य माणूस म्हणेल की सगळी रेल्वे या बोगद्यासाठी अडून राहिली असेल. तसे झाले नाही. करबुड्याचा डोंगर कठीण खडकाचा. तो बोगदा आधी पुरा झाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये गाडी सावंतवाडीपर्यंत आली. रेल्वे अडून राहिली ती गोव्यातील पेडण्याच्या, जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्यासाठी. तिथे खडकाऐवजी पाण्याने भरलेली मऊ माती लागली. खणावे तसे वरून ढासळे. अखेर तो पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. सर्वांत मोठे काम हेच सर्वांत निर्णायक काम असते असे नाही, हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा पेडण्याची माती चांगला शिकविते.

दुसरे उदाहरण घरच्या कोयनेचे. चौथ्या टप्प्याच्या १००० मेगावॅट विजेसाठी शिवाजीसागर जलाशयातून नवे पाणी घ्यावयाचे होते. जलाशय रिकामा करणे शक्य नव्हते, कारण पोफळीचे वीजघर त्याच पाण्यावर चालते. तेव्हा बोगदा खालच्या अंगाने खणत जलाशयाच्या तळाशी आणावयाचा, शेवटी खडकाचा थोडासा भाग बुचासारखा ठेवावयाचा आणि तो सुरुंगाने फोडून पाणी आत घ्यावयाचे, असे ठरले. १३ मार्च १९९९ रोजी तो सुरुंग उडाला. आशियातील हा असा पहिला प्रयोग होता. २०१२ साली तिथेच दुसऱ्यांदा तसेच करण्यात आले. आमच्या विषयाच्या दृष्टीने मौज सुरुंगाच्या आवाजात नाही. सुरुंगापूर्वीच्या यादीत आहे. दरवाजे बसले पाहिजेत, ते उघडझाप करून पाहिले पाहिजेत, बोगद्याच्या भिंती तपासून झाल्या पाहिजेत, आतला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक अवजार बाहेर आले पाहिजे. कारण एकदा पाणी आत शिरले, की राहून गेलेल्या कामासाठी परत आत जाता येत नाही. ‘आधी काय आणि नंतर काय’ हा प्रश्न इतक्या कठोरपणे क्वचितच विचारला जातो.

आता जरा कडू उदाहरणाकडे वळू. आपल्या जिल्ह्याचा पूर्वभाग दुष्काळी. म्हैसाळजवळ कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवावयाचे आणि कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांपर्यंत न्यावयाचे, अशी योजना गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात पुढे आली. ताकारीची योजनाही त्याच जातीची. उपसा योजनेचे गणित साध्या धरणापेक्षा वेगळे असते. पहिल्या टप्प्याचे पंप नसतील, तर तिसऱ्या टप्प्याच्या पंपांना उचलावयास पाणीच नाही. पंप आहेत पण वीज नाही, तर पाणी चढत नाही. पाणी चढले पण कालवा मधेच अडला, तर पुढचे शेत कोरडेच. येथे दहा ठिकाणी थोडेथोडे काम करून भागत नाही. साखळीची प्रत्येक कडी पुरी व्हावी लागते, आणि तीही क्रमाने. पैसा तुटपुंजा असून तो सगळीकडे सारखा वाटला, तर प्रत्येक गावात काम चालू दिसते आणि एकाही गावात पाणी दिसत नाही. या योजना पुऱ्या होत होत दोन पिढ्या गेल्या. २०२२ साली जत तालुक्यातील काही गावांच्या पाण्याच्या प्रश्नावरून सीमावाद पुन्हा चव्हाट्यावर आला, तेव्हा उशिराची किंमत रुपयांपलीकडे जाते हे सर्वांनी पाहिले.

रुपयांचाही हिशेब सोपा आहे. १० कोटी रुपये कर्जाऊ घेऊन ते दरसाल दर शेकडा ९ या व्याजाने एखाद्या अपुऱ्या कामात अडकवून ठेवले, तर वर्षाला ९० लाख रुपये नुसते व्याजाचे होतात. तेवढ्या वर्षाचे पीक बुडाले ते निराळे. सिमेंट आणि लोखंड महागले ते निराळे.

यावर कोणी इंजिनियर मित्र म्हणेल, ‘उशीर आमच्यामुळे होत नाही. जमीन मिळत नाही, पैसा येत नाही, दावे लागतात. त्याला आमचे शास्त्र काय करणार?’ हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यावयास हवे. जमीन मिळविणे हे काम आहे. त्याला दिवस लागतात आणि पुढची कामे त्यावर अवलंबून असतात. मग ते आखणीत का नसावे? जे आखणीबाहेर राहते, ते पुढे अचानक आलेल्या संकटासारखे भासते. वास्तविक ते पहिल्या दिवसापासून तिथे उभेच असते. कोयनेच्या बाबतीत ही उणीव फार जड झाली. १९६२ साली वीज सुरू झाली, महाराष्ट्राच्या गिरण्या आणि घरे उजळली. पण जी गावे पाण्याखाली गेली, त्यांतील माणसांचे पुनर्वसन हे त्या प्रकल्पाच्या निर्णायक मार्गावरचे काम मानले गेले नाही. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. अर्धशतक उलटून गेल्यावरही कोयनेचे प्रकल्पग्रस्त जमिनीसाठी आंदोलन करीत राहिले. धरण पुरे झाले, असे आपण म्हणतो. ज्यांची घरे त्यात गेली, त्यांच्या तक्त्यावर ते काम अजून चालूच आहे. म्हणून आखणी करणाराने पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, काम ‘पुरे’ केव्हा म्हणावयाचे आणि ते ठरविताना कोणाला विचारावयाचे.

हे सगळे आपल्या विद्यापीठांत शिकवीत नाहीत असे मात्र नाही. २०१४ साली भारत वॉशिंग्टन करारात पूर्ण सभासद म्हणून दाखल झाला. इंजिनियरिंगच्या पदव्यांचा दर्जा परस्परांनी मान्य करावयाचा, असा हा देशादेशांतील करार आहे. आपल्याकडे ही पारख राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ करते, आणि पदवीधराच्या अंगी असावयाच्या गुणांच्या मंडळाच्या यादीत प्रकल्पांचे व्यवस्थापन व पैशाचा विचार यांचा समावेश आहे. अभ्यासक्रमांत अंदाजपत्रके, टेंडरे आणि करार, कामांचे जाळे, गुणवत्ता, सुरक्षितता हे विषय येतात. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याला स्वतःचा एक ‘प्रोजेक्ट’ही करावा लागतो. वालचंद कॉलेजाला २००७ साली स्वायत्तता मिळाली. अशा संस्थेला आपला अभ्यासक्रम आपण घडविण्याची मोकळीक असते. साधने आहेत, पुस्तके आहेत. संगणक तर आमच्या मोरीचा हिशेब डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करून देतो.

उणीव आहे ती दुसऱ्याच जागी. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत कामे आणि त्यांचे दिवस छापून दिलेले असतात: अमक्याला ६, तमक्याला ११. विद्यार्थी जाळे काढतो, बेरजा करतो, पैकीच्या पैकी गुण मिळवितो. कामावर मात्र हे आकडे कोणी छापून देत नाही. ते मुकादमाला विचारावे लागतात, लोखंडाच्या व्यापाऱ्याला विचारावे लागतात, तलाठ्याच्या कचेरीत जाऊन विचारावे लागतात. मुकादम ‘होऊन जाईल साहेब’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ८ दिवस की १८, हे ओळखावे लागते. बेरीज करणे हा या शास्त्राचा सोपा भाग; खरा आकडा मिळविणे हा अवघड भाग. आपण सोप्या भागाची परीक्षा घेतो आणि अवघड भाग नोकरी लागल्यावर शिकेल म्हणून सोडून देतो. तो शिकतोही, पण त्या शिकण्याची फी गाव भरते.

म्हणून आम्हांस सुचवावेसे वाटते की, या विषयाचा निम्मा अभ्यास चालू कामावर व्हावा. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या भागातील एक खरे काम निवडावे. ते शाळेची खोली असो, पाण्याची टाकी असो वा गटार असो. आरंभी त्याने स्वतःचा तक्ता करावा, दर आठवड्याला कामावर जाऊन प्रत्यक्ष किती झाले ते नोंदवावे, आणि शेवटी आपला अंदाज कुठे व का चुकला ते लिहावे. गुण अंदाज बरोबर आला म्हणून देऊ नयेत. चुकीचे कारण प्रामाणिकपणे शोधले म्हणून द्यावेत. त्याबरोबरच पदवीच्या विद्यार्थ्याने पदविकेच्या विद्यार्थ्यासह आणि आयटीआयच्या कारागिरासह एकत्र बसून एखादी आखणी करावी. सळई वाकविण्यास किती दिवस लागतात, हे पदवीधरापेक्षा तो कारागीर अधिक चांगले सांगेल. आणि तो आकडा चुकला तर पुढे काय होईल, हे पदवीधराने त्याला समजावून सांगावे.

आता नागरिकांचा वाटा. आपण सार्वजनिक कामाविषयी एकच प्रश्न विचारीत असतो: ‘काम कधी पुरे होणार?’ या प्रश्नाला तारीख सांगून मोकळे होता येते, आणि तारखेला व्याज नसते. त्याऐवजी तीन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. आज काम कशासाठी थांबले आहे? ती गोष्ट कोणाच्या हाती आहे? आणि ती झाल्यावर लगेच पुढचे काम कोणते? ज्याने खरोखर आखणी केली आहे, त्याला या तिन्हींची उत्तरे उभ्या उभ्या देता येतात. ज्याने केलेली नाही, त्याला देता येत नाहीत, आणि ही गोष्ट सभेत बसलेल्या सर्वांच्या ध्यानात येते. हे प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. लग्नघरात आपली आजी हेच तर विचारीत असे.

इंजिनियराच्या ज्ञानावर आपला विश्वास आहे, तो असावाच. त्याच्या तुळईचे गणित आपण तपासू शकत नाही. त्याच्या दिवसांचे गणित मात्र आपण तपासू शकतो, कारण ते दिवस आपलेच असतात. कॉलेजाने ते मोजावयास शिकवावे आणि गावाने ते विचारावयास शिकावे. ही दोन शिक्षणे जोडीने चालली, तर मृगापूर्वी पुऱ्या होणाऱ्या मोऱ्यांची संख्या वाढेल, एवढे आम्ही खात्रीने म्हणू शकतो.